तिसऱ्या मजल्यावरचा मान

आमच्या आक्का आयुष्यात कधी चढ्या आवाजात बोलल्या नाहीत, असं त्यांच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर तिघा-चौघांनी माइकवरून सांगितलं. मी मागे बायकांत बसले होते आणि माझा नुसता संताप होत होता. चढ्या आवाजात बोलल्या नाहीत? आक्का पळीने बोलायच्या. जेवण तयार झालं की स्वयंपाकघरातून बाहेर यायच्या आणि जिन्याच्या स्टीलच्या कठड्यावर पळी हाणायच्या. तो आवाज कठड्यातून पार गच्चीपर्यंत जायचा. पहिली हाक बेताची, दुसरी जोरात, आणि तिसरी अशी की शेजारच्या सोसायटीतली माणसं बाल्कनीत यायची. त्यानंतर हाक नसे. "ज्याला भूक हाय त्याला जिना दिसतोय," एवढं म्हणून त्या भांडी झाकून टाकायच्या. उशिरा येणारा मग कितीही मोठा मालक असो, त्याला भाकरीबरोबर आक्कांचे चार शब्दही गिळावे लागत. माइकवरच्या त्या माणसांनीही ते गिळले होते, पण मेलेल्या बाईला गरीब गाय ठरवलं की सगळ्यांनाच सोपं जातं.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी धाकटी. मधे आणखी एक जाऊ आहे, ती कुठल्याच भांडणात पडत नाही, म्हणून तिचं नाव इथे फारसं येणार नाही. मी निगडीची. वडील कंपनीत होते, प्राधिकरणात आमच्या दोन खोल्या. त्यातल्या एका खोलीत ओटा, आईचं शिलाई मशीन, आमचा अभ्यास आणि आईबाबांची भांडणं असं सगळं एकत्र चालायचं. तिथून मी पिंपळे सौदागरातल्या या जुन्या शेतकरी घरात आले. शेतं केव्हाच सोसायट्यांखाली गेली होती, राहायचं कौलारू घर तेवढं उरलं होतं. त्या घरात सगळं जमिनीला धरून होतं. आक्का चुलीपुढून उठायच्या आणि तिथेच पलीकडे अंथरूण टाकायच्या. माझ्या लग्नानंतर लवकरच ते घर पाडलं आणि त्या जागी तळमजल्यावर तीन मजले चढवलेला बंगला उभा राहिला.

बंगला बांधला थोरल्या दिरांनी. त्यांना गाव दादा म्हणतं, आम्हीही दादाच म्हणतो. दादांना एका गोष्टीचा भारी अभिमान. लग्नाची बैठक असो, साखरपुडा असो, प्रचाराची सभा असो, ते बोलता बोलता सांगणारच, "आमची आजून एकच चूल हाय." आजूबाजूच्या घरांत जमिनीचा पैसा आला आणि सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. आमच्याकडे तसं झालं नाही, आणि ते चांगलंच झालं, मी नाही म्हणत नाही. पण दादांनी ती एक चूल सिमेंटमध्ये ओतून पक्की केली. नकाशा काढणाऱ्या बाईंनी विचारलं, वरच्या मजल्यांवर किचन कुठे दाखवू? दादा म्हणाले, कुठंच नको. निदान चहापुरता ओटा? नको. बरं, एक छोटं बेसिन? तेही नको, बेसिन आलं की मागोमाग शेगडी येते. म्हणून आमच्या वरच्या मजल्यांवर गरम पाण्याच्या शॉवरची बाथरूम आहेत आणि प्यायच्या पाण्याचा नळ मात्र एकही नाही. तान्ह्या पोराला दूध कोमट करायचं तरी जिना उतरा.

मग वास्तूवाले आले. त्यांनी सांगितलं, स्वयंपाकघर आग्नेयेला, खाली. घरातल्या कर्त्याची खोली नैऋत्येला, आणि ती सगळ्यांच्या वर. थोरल्यांच्या डोक्यावर धाकट्यांनी पाय देऊन चालायचं नाही, हे दादांनाही लगेच पटलं. झालं. आम्ही धाकटे म्हणून पहिल्या मजल्यावर, मधले दुसऱ्यावर, आणि दादा-आक्का तिसऱ्यावर. एका बाईचा मान तिसऱ्या मजल्यावर ठेवला, तिचं काम तळमजल्यावर ठेवलं आणि मधे जिना ठेवला, हे त्या नकाशावर माना डोलावताना एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. आक्कांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्या वेळी त्या हसून बरं म्हणाल्या असत्या, कारण एका चुलीचा अभिमान त्यांनाही होताच. वास्तुशांतीला ड्रोन उडवून शूटिंग केलं होतं. त्यात घर फार छान दिसतं.

आक्कांची आणि माझी मैत्री झाली ती जिन्यातच. वर जाताना पहिल्या मजल्याच्या वळणावर, म्हणजे बरोबर आमच्या दारापुढे, त्या थांबायच्या. पायरीवर बसायच्या, कमरेची मिसरीची डबी काढायच्या आणि दात घासत घासत गप्पा मारायच्या. मिसरीचा वास मला मुळीच आवडायचा नाही, पण त्या बसल्या की मीही दार उघडं टाकून बाहेर येऊन बसायचे. मालिकेतल्या सासवांना शिव्या, गावातल्या लग्नांच्या बातम्या, माझ्या भाजीला नावं, सगळं तिथे व्हायचं. गुडघे चोळत एकदा म्हणाल्या, "माझा मान तिसऱ्या मजल्यावर बसलाय धाकटे, मी आजून पयल्यावरच हाय." आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तेव्हा हसू यायचं.

मी चाकणच्या कंपनीत क्वालिटीला आहे. लग्नानंतर नोकरी सोडावी असं घरात जवळपास ठरलंच होतं, कारण आमच्याकडच्या सुना कंपनीच्या बसला उभ्या राहत नाहीत म्हणे. आक्कांनी पंगतीत आमटी वाढता वाढता विषय संपवला. "तिला जाऊ द्या. डबा मी देती." तेव्हापासून पहिल्या शिफ्टला निघताना माझा डबा जिन्याच्या तळाशी तयार असायचा. त्यात भाजी दोघींना पुरेल एवढी, कारण लाइनवर माझ्या शेजारी बीडची एक मुलगी होती आणि तिच्या खोलीवर स्वयंपाकाची सोय नाही, हे मी एकदा आक्कांना सांगून बसले होते. ती मुलगी आक्कांना कधी भेटली नाही. तरी गुढीपाडव्याला तिच्या वाटणीची पुरणपोळी वेगळ्या कागदात यायची. नातेवाइकांतले काही जण अजून मला ऐकवतात की बघ, तुझ्या डब्यासाठी त्या पहाटे जिने उतरायच्या. मला अपराधी वाटावं अशी त्यांची फार इच्छा असते. मला तसं काही वाटत नाही. मला राग येतो.

राग येणारच, कारण गुडघे कुणाचे सांभाळायचे हे आमच्या घराला चांगलं कळत होतं. मागच्या बाजूला गोठा आहे. त्यात दादांचे शर्यतीचे बैल. गोठ्यात पंखे आहेत, आणि खाली जाड रबरी चटई आहे, कारण कडक फरशीवर उभं राहून बैलांचे गुडघे धरतात. हे दादांनी माझ्यादेखत पाहुण्यांना समजावून सांगितलंय. मी तळपायापासून पेटले. पण आक्का त्या बैलांवरही जीव टाकायच्या, पहिली भाकरी त्यांचीच. मी एकदा चिडून म्हटलं, आक्का, बैलांना तळमजला आणि तुम्हाला तिसरा मजला, हे तुम्हाला दिसत नाही का? त्या म्हणाल्या, "त्येंला बोलता येत न्हाई गं." आणि भाकरी थापायला लागल्या.

लिफ्टसाठी घर बांधतानाच जागा सोडली होती. दरवर्षी दिवाळीला ती बसणार असायची. एका वर्षी त्याऐवजी दारापुढची कमान झाली, एका वर्षी मोठी गाडी आली. लिफ्टच्या जागेत दादांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स ठेवायला लागले. एकावर एक रचलेले दादा, हात जोडून हसणारे. खाली समोरच्या बाजूला एक चांगली हवेशीर खोली होती, लागून बाथरूमही होतं. तिला ऑफिस म्हणायचे. प्लॉट घ्यायला येणारी माणसं तिथे एसीत बसायची आणि आतून चहा जायचा. तिथे मोठं काचेचं टेबल होतं, आणि निम्मे दिवस तिथे कुणीही नसायचं.

आक्कांना ती खोली हवी होती. दुसरं काही नाही. मालकी नको, एसी नको, फक्त निजायला ती खोली. आधी त्या दुपारी स्वयंपाकघरातच ओट्याखाली गोधडी टाकून पडायच्या. मग एकदा जेवणं उरकल्यावर वर गेल्याच नाहीत, हॉलमध्येच झोपल्या. सकाळी कुणी पाव्हणे लवकर आले आणि त्यांनी थोरल्या वहिनींना जमिनीवर झोपलेलं पाहिलं. दादांचा चेहरा काळा ठिक्कर पडला. पाव्हणे गेल्यावर ते आक्कांना काय बोलले ते मी ऐकलं नाही, पण पुढचे कित्येक दिवस पळी कठड्यावर फार हळू वाजायची. मी नवऱ्याकरवी निरोप दिला की आक्कांना ऑफिसची खोली द्या. आमच्यात धाकट्या भावजयीने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नाही, जे काय सांगायचं ते नवऱ्याच्या तोंडून. माझा नवरा निरोप घेऊन गेला आणि लिफ्टचं आश्वासन घेऊन आला.

तेव्हा माझं डोकं फिरलं. मी विचार केला, तीन मजल्यांची तोंडं एका बाईवर आहेत तोवर ती जिन्यात मरणार. निदान आमची तोंडं तरी कमी करू. मी गॅसची शेगडी आणली आणि आमच्या मागच्या बाल्कनीत मांडली. बेसिन नव्हतं, भांडी बाथरूममध्ये घासायचे. घरात असा काही हलकल्लोळ झाला की विचारू नका. वरच्या मजल्यांवर पोरं मोबाइलवरून पिझ्झा मागवून खोलीत बसून खातात, त्याने घर फुटत नाही. माझ्या दोन भाकऱ्यांनी फुटलं. आणि खरं सांगते, सगळ्यांत जास्त मला लागलं ते आक्कांचं वागणं. त्या आमच्या वळणावर बसेनाशा झाल्या. कठडा धरून, दात ओठ खात, आमच्या दारावरून सरळ वर जायच्या. ज्यांच्यासाठी केलं त्यांनीच पाठ फिरवली. मी दार लावून आत रडले आणि त्यांना मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. डबा मात्र रोज जिन्याच्या तळाशी असायचाच. अबोला धरला तरी त्यात मीठ कधी चुकलं नाही.

असा एक पावसाळा गेला. मग एका सुट्टीच्या दुपारी मी भाकरी करत होते आणि जिन्यात काहीतरी टेकल्यासारखा आवाज आला. बाहेर आले तर आक्का वळणावर बसलेल्या, चेहरा घामाने डबडबलेला. त्यांना पुढे जाता येत नव्हतं आणि माझ्याकडे बघायचंही नव्हतं. मी काखेत हात घालून आत आणलं, बाल्कनीतल्या शेगडीशेजारी स्टुलावर बसवलं आणि तव्यावरची भाकरी तशीच ताटलीत टाकून पुढे केली, वर वांग्याचं भरीत. त्यांनी पापुद्रा मोडला, बोटं पोळली तशी फुंकर घातली, घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिल्या. मग म्हणाल्या, "गरम भाकरी अशी लागती व्हय गं."

माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. ज्या बाईने त्या घराला आयुष्यभर तव्यावरची भाकरी वाढली, ती स्वतः शेवटी जेवायची, सगळ्यांचं झाल्यावर, दुरडीच्या तळाची. पंगत बसायला जागा किती लागेल याचा विचार त्या नकाशात होता, आणि करणारीने बसायचं कुठे याचा नव्हता. तिच्या त्या भल्यामोठ्या स्वयंपाकघरात एक खुर्चीसुद्धा नाही. मी दुसरी भाकरी टाकली. त्यांनी तीही खाल्ली. मग डबी काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "धाकटे, मला खाली निजायचंय. तू सांग त्येंला. मी सांगितलं तर रुसल्यावानी दिसतंय."

मी त्याच संध्याकाळी ऑफिसात गेले. नवऱ्याला मधे घातलं नाही, डोक्यावर पदर घेतला नाही, दादांच्या समोरच्या खुर्चीत बसले. ते आधी गोंधळले. मी म्हटलं, आक्कांना ही खोली द्या, त्यांना जिना चढवत नाही. दादा ओरडले नाहीत. उलट समजुतीने बोलले, आणि त्याचाच मला जास्त राग आला. म्हणाले, "आगं, थोरली खाली झोपली तर गाव काय म्हणंल? नवऱ्यानं खाली टाकली म्हणंल. वॉचमन झोपतो खाली. मी तिला मानानं वर ठेवलीय." मी म्हटलं, त्यांनी स्वतःच मागितलंय. त्यावर त्यांना खरंच वाईट वाटलं, मला दिसलं ते. पण मान हलवून ते एवढंच म्हणाले, की यंदा दिवाळीला लिफ्ट नक्की. दादा दुष्ट माणूस असते तर भांडायला सोपं गेलं असतं. त्यांचं आक्कांवर प्रेम होतं आणि त्या प्रेमापुढे आक्कांचे गुडघे त्यांना दिसत नव्हते.

दसऱ्याच्या आधी आक्का जिन्यात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वाकडच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आणि घरी आणायच्या दिवशी मी परत म्हटलं की आता तरी खाली ठेवा. दसऱ्याच्या मुहूर्ताला प्लॉटची गिऱ्हाइकं येणार होती. शिवाय येणारा-जाणारा दवाखान्यातून आलेली बाई बघत बसेल, ते बरं दिसत नाही, असं ठरलं. चौघांनी आक्कांना खुर्चीत बसवून, कुणी पुढे कुणी मागे, धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर नेलं. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, कठडा धरायला हात जायचा आणि कठडा पुढे सरकायचा. नैऋत्येच्या त्या खोलीत त्यांना निजवलं आणि त्यानंतर त्या स्वतःच्या पायांनी खाली आल्या नाहीत.

त्यांचं जेवण आता खालून वर यायचं. स्वयंपाकाला बाई ठेवली होती. ताट भरायचं, कुणीतरी रिकामं सापडायचं, त्याला जिना चढायचा कंटाळा यायचा, आणि ते वर पोचेपर्यंत भाकरी पार वातड झालेली असायची. मी शिफ्टवरून आले की माझ्या शेगडीवरची भाकरी पदराखाली धरून पळत वर न्यायचे. पहिल्या मजल्यावरून तिसऱ्यावर थोडी तरी ऊब राहायची. त्या खिडकीकडे तोंड करून पडलेल्या असायच्या. एकदा म्हणाल्या, "हितून सोसायट्याच दिसत्यात. दारात कोण आलं ते कळत न्हाई. खाली असती तर कळलं असतं." नंतर छातीत कफ झाला, ताप आला, आणि एका सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये असताना नवऱ्याचा फोन आला. मी वाटेतच उतरून परत फिरले.

मी घरी पोचले तेव्हा दारात गर्दी होती आणि ऑफिसची खोली रिकामी होती. काचेचं टेबल पार्किंगमध्ये आणून ठेवलं होतं. खुर्च्या बाहेर, प्लॉटचे बोर्ड बाहेर, फरशी धुतलेली. मयताला वर ठेवत नाहीत, खाली आणतात, माणसांना दर्शन घेता आलं पाहिजे, अशी रीत आहे. म्हणून आक्कांना खाली आणलं होतं आणि त्या खोलीच्या मधोमध ठेवलं होतं. जी खोली कशी रिकामी करायची हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नाही, ती मी परत येईपर्यंत रिकामी झाली होती. दादा भिंतीला टेकून लहान मुलासारखे रडत होते. मला त्यांची दया आली नाही, अजून येत नाही. मी आक्कांच्या पायांशी बसले. गुडघ्यांवरून हात फिरवला आणि मोठ्याने रडले.

तेराव्यापर्यंत तिथे दिवा तेवत होता. तेराव्याची पंगत उठली, पाव्हणे गेले, आणि दुपारी दादांनी दोन माणसांना सांगितलं की टेबल आत घ्या. मी वर गेले. आमची गादी गुंडाळली, उशी घेतली, जिना उतरले, ती माणसं टेबल उचलत होती त्यांच्या बाजूने आत शिरले आणि जिथे दिवा होता तिथे गादी अंथरली. दादा दारात आले. मागे माझा नवरा.

"तुला काय झालंय? गुडघं दुखत्यात व्हय?" दादांनी विचारलं.

"माझे गुडघे ठणठणीत आहेत," मी म्हटलं. "मला इथे झोपायचंय."

दादा माझ्या नवऱ्याकडे बघत राहिले आणि नवरा फरशीकडे. बाहेर ती दोन माणसं टेबल हातात धरून ताटकळली होती, शेवटी त्यांचे हात भरून आले तेव्हा त्यांनी ते खाली ठेवलं. मी भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. टेबल अजून पार्किंगमध्येच पडलंय. मी अजून खालीच झोपते.